केवळ एक उत्साही गृहस्थ

एखाद्या मोठ्या घराण्यात कुणी अपकृत्य केले की कर्त्या पुरुषाच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य लक्षपूर्वक ऐकावे. घराण्याची सारी नीती त्यात साठवलेली असते. ‘तो आमचाच आहे, आणि झाल्या प्रकाराची आम्हांला लाज वाटते,’ असे म्हणणारा कर्ता पुरुष विरळा. बहुधा ऐकू येते ते असे की, तो आमचा नव्हेच. इकडे येत-जात असे, एवढेच. 2013 सालच्या मे महिन्यात क्रिकेटच्या जगात जो गदारोळ उडाला, त्यात या दुसऱ्या जातीचे वाक्य सबंध देशाने ऐकले. क्रीडाप्रेमी मंडळींच्या मनाला त्या वाक्याने जी जखम झाली, ती प्रत्यक्ष गैरप्रकारानेही झाली नव्हती असे मला वाटते. ती का झाली, आणि होण्याचा त्या मंडळींना काही अधिकार होता की नाही, याचा येथे विचार करावयाचा आहे.

हकीकत थोडक्यात अशी. 16 मे 2013 रोजी दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्स संघाच्या तीन खेळाडूंना मुंबईत अटक केली. ठराविक षटकात ठराविक धावा देण्याचा आगाऊ सौदा केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. (पुढे 2015 साली दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले, हे येथेच सांगणे न्यायाचे होईल.) आठ दिवसांनी, 24 मे रोजी, मुंबई पोलिसांनी सट्ट्याच्या आरोपावरून गुरुनाथ मयप्पन यांना पकडले, आणि प्रकरणाचा रंगच पालटला. हे गृहस्थ एन. श्रीनिवासन यांचे जावई. श्रीनिवासन हे चेन्नई सुपर किंग्ज संघाची मालकी असलेल्या इंडिया सिमेंट्स कंपनीचे प्रमुख. आणि ज्या भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने या साऱ्याचा निवाडा करावयाचा, त्या मंडळाचे अध्यक्षही तेच! मयप्पन तोपर्यंत खेळाडूंच्या लिलावात संघाच्या मेजाशी बसत, सामन्यांच्या वेळी खेळाडूंसमवेत दिसत. अटक होताच कंपनीने जाहीर केले की, ते संघाचे मालक नव्हेत, मुख्याधिकारी नव्हेत. व्यवस्थापनातील एक मानद सभासद तेवढे आहेत. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या मुद्गल समितीपुढे मालकपक्षाने आणखी एक पायरी खाली उतरून सांगितले की, ते केवळ एक उत्साही क्रिकेटप्रेमी होते.

हा शब्द ज्याने निवडला त्याने तो सहज निवडला असेल. परंतु त्यात केवढा उपरोध दडला आहे पाहा! उत्साही म्हणजे कोण? ज्याचे नाव संघाच्या हिशेबवहीत नाही, ज्याचे मत कुणी विचारीत नाही, आणि तरीही संघ जिंकला की ज्याला झोप येत नाही व हरला की ज्याला जेवण गोड लागत नाही, तो. म्हणजे तुम्ही आणि मी. जोवर हे गृहस्थ मिरवण्याजोगे होते तोवर त्यांची जागा आतल्या गोटात. ज्या दिवशी ते लाजिरवाणे ठरले त्या दिवशी त्यांची रवानगी आम्हा प्रेक्षकांत झाली! घरातील खापरे शेजाऱ्याच्या अंगणात भिरकावून द्यावीत, त्यातला हा प्रकार झाला. आमच्या निष्कांचन प्रेमाचे जे एकुलते एक नाव, त्याचा उपयोग दुसऱ्याची लाज झाकण्याकडे करण्यात आला.

यावर आमचे एक अर्थशास्त्री स्नेही मोठ्या रोखठोकपणे म्हणतात, “संघ कुणाचा? ज्याने पैसे मोजले त्याचा. तुम्ही तिकिटाचे पैसे दिलेत, त्याबद्दल चार घटका करमणूक मिळाली. व्यवहार पुरा झाला. रागावण्याचा हक्क तुम्हांला कुणी दिला?” युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. परंतु तो ज्या गिऱ्हाइकाला लागू पडतो ते गिऱ्हाईक निराळे. वाण्याने डाळीत खडे मिसळले तर मी दुसऱ्या वाण्याकडे जातो. माझे त्याच्याशी भांडण उरत नाही. संघावर जीव जडलेल्या माणसाला असे दुकान बदलता येत नाही. संघाची बेअब्रू झाली की त्याला स्वतःलाच खाली पाहावे लागते, आणि तरी तो तेथून हलत नाही. मालकाला हे पक्के ठाऊक असते. किंबहुना या न हलण्यावरच त्याच्या सगळ्या व्यापाराची इमारत उभी असते; जाहिरातींतून ‘तुमचा संघ, तुमचा संघ’ असा जप तो स्वतःच चालवीत असतो. सुखाच्या दिवशी ‘तुमचा’ आणि जाब देण्याच्या दिवशी ‘आमची खाजगी मालमत्ता’, या दोन जिभा एका तोंडात शोभत नाहीत.

आम्हा नाशिककरांना या प्रश्नाचे एक रूप जन्मापासून परिचयाचे आहे. हे देवळांचे गाव. देवळाची जमीनजुमला देवाच्या नावे असते. कायदाही मूर्तीला मालमत्ता धारण करणारी व्यक्ती मानतो. पुजारी आणि विश्वस्त हे केवळ वहिवाट पाहणारे. भाविकाचे नाव कोणत्याच कागदावर नसते. पण तो यावयाचा थांबला तर देऊळ म्हणजे नुसते दगडी बांधकाम उरेल. उपमा ताणू नये हे खरे. क्रिकेटचा संघ हा देव नव्हे आणि कंपनी हे देवस्थान नव्हे. तथापि दुसऱ्याच्या श्रद्धेवर ज्याचे वैभव उभे आहे त्याला निव्वळ मालकाच्या भाषेत बोलता येत नाही, विश्वस्ताची भाषा शिकावी लागते, एवढे तरी या उपमेवरून घ्यावे.

आणि प्रेक्षकांनी असा हक्क सांगितल्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. पळवणकर बंधूंची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. बाळू पळवणकर हे 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे गोलंदाज; परंतु जन्माने चांभार, म्हणून हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्यास कधी आले नाही. 1920 सालच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी त्यांना पुन्हा डावलण्यात आले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी संघातून अंग काढून घेतले. हिंदू जिमखान्याच्या चालकांना वाटले असेल की, संघ आमचा, निवड आमची. मुंबईच्या प्रेक्षकांना तसे वाटले नाही. लोकमत खवळले, चालकांना पडते घ्यावे लागले, दोघे भाऊ परतले व बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. 1923 साली विठ्ठल पळवणकर हिंदूंचे कर्णधार झाले. ज्या प्रेक्षकांच्या आरड्याओरड्याने हे घडवून आणण्यास हातभार लावला, त्यांच्यापाशी जिमखान्याचे सभासदत्व होते थोडेच!

आता न्यायाची बाजू पाहू. गवगवा झाल्यावर मंडळाने दोन निवृत्त न्यायाधीशांची चौकशी समिती नेमली. तिला काही दोष आढळला नाही. आणि जुलै 2013 अखेर मुंबई उच्च न्यायालयाने ती समितीच बेकायदा ठरविली. ज्याच्या घरची चौकशी, त्याच्याच मंडळाने नेमलेले पंच! यावर कुणी रामशास्त्र्यांचे नाव घेईल. पेशव्यांच्याच पदरी असलेल्या रामशास्त्री प्रभुण्यांनी नारायणरावाच्या वधाबद्दल राघोबादादांना दोषी ठरविले, मग नेमणूक कुणी केली याला महत्त्व काय? उत्तर असे की, रामशास्त्री एक झाले म्हणूनच अडीचशे वर्षे आपण त्यांचे नाव घेत आहो. दर खटल्याला रामशास्त्री भेटेल या भरवशावर कोणत्याही संस्थेची घटना लिहिता येत नाही.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. 22 जानेवारी 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्यात मयप्पन हे संघाचे अधिकारीच होते आणि त्यांनी सट्टा लावला हे ग्राह्य धरले; चालकांना संघाची मालकी बाळगण्याची मुभा देणारी नियमातील दुरुस्ती रद्द केली; परंतु प्रकरण दडपल्याचा आरोप श्रीनिवासन यांच्यावर शाबीत झाला नाही असेही स्पष्ट म्हटले. मग क्रीडाप्रेमींचा संताप वायाच गेला म्हणावयाचा काय? मला तसे वाटत नाही. ‘माझा अपराध नाही, मग मी पद का सोडावे?’ हा श्रीनिवासन यांचा प्रश्न होता, आणि कायद्याच्या दृष्टीने तो अगदीच गैरवाजवी नव्हता. पण अपराध ही एक गोष्ट आणि दायित्व ही दुसरी. अपराधाचा निर्णय न्यायालय करते, पुराव्यावर करते, सावकाश करते. दायित्व त्या क्षणी आपण होऊन पत्करावयाचे असते. दीड वर्षाने निकालाच्या जोरावर ते पत्करता येत नाही.

पंचवटीत राहणाऱ्याला या ठिकाणी भवभूतीची आठवण होणे अपरिहार्य आहे. लोकापवाद उठला तेव्हा रामाने आपले माणूस टाकले आणि सिंहासन राखले. उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकात तोच राम पंचवटीत येतो, आणि वासंती ही वनदेवता त्याला तोंडावर जाब विचारते. राम राजधर्माची ढाल फार वेळ पुढे धरू शकत नाही, रडतो, मूर्च्छित पडतो. सीता निष्पाप होती आणि प्रस्तुत प्रकरणी तसे नव्हते, हा भेद मी विसरलेलो नाही. तरीही मांडणी पाहा. सिंहासन राखावयाचे आणि माणूस टाकावयाचे, हा क्रम रामालाही पचला नाही. चेन्नईच्या धन्याने जावई टाकला व गादी ठेवली. करावयाचे होते ते नेमके उलट. ‘तो माझा जावई आहे, संघाच्या कारभारात होता, म्हणून चौकशी पुरी होईपर्यंत मी बाजूला होतो,’ एवढे तीन तुकड्यांचे वाक्य पहिल्याच दिवशी उच्चारले गेले असते तर? जावयाला माया मिळाली असती आणि प्रेक्षकांना मान. कुणालाही ‘उत्साही’ करावे लागले नसते.

बाजूला होणारे कुणी झाले नाहीत असे नव्हे. 31 मे 2013 रोजी मंडळाचे चिटणीस इंदूरचे संजय जगदाळे आणि खजिनदार पुण्याचे अजय शिर्के यांनी राजीनामे दिले. दोघेही मराठी, याचा मला त्या दिवशी जरा जास्तच अभिमान वाटला होता. (अभिमान बेताने बाळगावा, त्याच शिर्के यांना, न्यायालयाने सुचविलेल्या सुधारणा अमलात न आणल्याबद्दल, जानेवारी 2017 मध्ये मंडळाच्या चिटणीसपदावरून सर्वोच्च न्यायालयानेच दूर केले.) त्यानंतर दोन दिवसांनी श्रीनिवासन तात्पुरते बाजूला झाले. ढकलले गेलेला माणूस ‘मी सरकलो’ म्हणतो तेव्हा त्या सरकण्याची किंमत फारशी राहत नाही.

14 जुलै 2015 रोजी लोढा समितीने शिक्षा सुनावली. दोन्ही संघांच्या मालक कंपन्या दोन वर्षांसाठी निलंबित झाल्या. म्हणजे व्यवहारात दोन्ही संघच मैदानाबाहेर गेले. शिक्षा योग्यच होती. पण ती भोगली कुणी? सिमेंटचा धंदा दोन वर्षे चालूच राहिला. सुने पडले ते चेपॉकचे सज्जे. अपराध मालकाच्या गोटातला आणि उपास प्रेक्षकांचा, ही विसंगती टाळण्याचा मार्ग मला आजही सुचत नाही. कारण जेथे मालकाचे नुकसान होते तेथेच नेमके प्रेक्षकाचे काळीज असते. त्या दोन वर्षांची पोकळी भरण्याकरिता आमच्या पुण्याच्या नावे एक संघ उभा करण्यात आला. धोनीसारखा खेळाडू त्यात होता, 2017 साली तो अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि एका धावेने हरला. मग मुदत संपली आणि संघही संपला. पुण्यात कुणी त्याचे सुतक पाळल्याचे ऐकिवात नाही. पैशाने संघ विकत घेता येतो, पण ममत्व त्याबरोबर पुडीत बांधून मिळत नाही, हे त्या बिचाऱ्या संघाने दाखवून दिले.

याच्या अगदी उलट दृश्य 2018 च्या एप्रिलमध्ये दिसले. कावेरीच्या पाण्यावरून चाललेल्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याजवळच्या गहुंजे येथे हलविण्यात आले, तेव्हा सुमारे हजार माणसे खास आगगाडीने चेन्नईहून पुण्यास आली. 20 एप्रिलचा तो सामना कोणाकोणात होता? चेन्नई आणि राजस्थान. म्हणजे निलंबन भोगून आलेल्या दोघांतच! सारे मैदान पिवळे झाले होते. माझा एक विद्यार्थी नाशिकहून तेवढ्यासाठी गेला होता. परत आल्यावर मी त्याला जरा खवचटपणेच विचारले, “का रे, 2013 साली तूच ना संतापून त्या संघाची चित्रे भिंतीवरून काढली होतीस?”

“हो सर,” तो म्हणाला, “पण ते मालकांचं होतं. हे आमचं आहे.”

हे उत्तर मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत आहे. कधी ते मला फार थोर वाटते: मालकाने जे नाव लाज झाकण्यासाठी वापरले, ते या पोराने परत मिळविले. कधी ते तितकेच सोयीचे वाटते. कारण मालक तेच होते, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर कुणी दिले नव्हते तो प्रश्न एका शतकाच्या खेळीने पुसून टाकला होता. मे अखेरीस वानखेडेवर चेन्नईने अंतिम सामना जिंकला तेव्हा मीही दूरदर्शनपुढे बसून टाळ्या वाजवल्या, हे लपवीत नाही. टाळ्या वाजविताना श्रीनिवासन मनात आले नाहीत.

येथील गोल्फ क्लबच्या मैदानावर अधूनमधून रणजी करंडकाचा सामना होतो. त्या संघाला कुणी धनी नाही, त्याची कुणी जाहिरात करीत नाही, आणि प्रेक्षकही बेताचेच असतात. गेल्या खेपेस तो विद्यार्थी तेथे भेटला. आम्ही दोघे उन्हात बसून दुपारभर शेंगा खाल्ल्या. मध्येच त्याने पिवळी टोपी काढून खिशात घातली. मी कारण विचारले नाही.