अळंबीची जागा

आमच्याकडे दोन गोष्टी कुणी कुणाला सांगत नाही: गाठीला पैसे किती आहेत आणि अळंबी कुठे मिळाली. पैशांचा अंदाज शेजारी बांधतातच. अळंबीचा बांधता येत नाही. श्रावणाच्या तोंडावर सकाळी सकाळी डोक्यावर खोळ घेतलेला माणूस सागाच्या पानांची पुडी छातीशी धरून येताना दिसला, की वाटेवरचा जो तो विचारतो, ‘‘खंय गावली रे?’’ तो न थांबता म्हणतो, ‘‘थंयच!’’ विचारणाऱ्याला राग येत नाही, सांगणाऱ्याला संकोच वाटत नाही. विचारायची रीत आहे आणि न सांगायचीही रीत आहे.

ही रीत आप्पलपोटी आहे का, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे. सावंतवाडी-दोडामार्गाकडच्या आमच्या गावात विहिरीचं पाणी अडवलं तर बोभाटा होतो, कुणाच्या घरी मयत झालं तर हातातलं काम टाकून माणसं धावतात. तीच माणसं अळंबीचं नाव निघालं की मुकी होतात. ज्या जमिनीवर ती उगवते ती बहुतेक वेळा त्यांची नसतेच. भात ज्याचं त्याचं, काजू ज्याचे त्याचे, पण अळंबी जो बघेल त्याची, असा अलिखित कायदा. मग जे आपलं नाही ते लपवायचा हक्क आपल्याला कुठून आला?

आजीला मी लहानपणी हे विचारलं होतं. ती म्हणाली, ‘‘जागा सांगलं तर अळंबी रुसतत.’’ बोट दाखवलं तर कुजतात, असंही ती म्हणायची. तेव्हा ते खरं वाटलं. पुढे शाळेत चार बुकं शिकल्यावर खोटं वाटलं. आता वाटतं, तिला म्हणायचं होतं ते बरोबरच होतं.

आजीनं जागा सांगितली नाही, पण ओळख मात्र हातचं न राखता दिली. टोपीच्या मधोमध टोक कसं असतं, दांडा जमिनीत मुळीसारखा किती खोल जातो, उपटताना माती कशी लागते, हे तिनं मला आणि शेजारच्या पोरांनाही शिकवलं. शंका आली तर टाकून द्यायचं, हा तिचा शेवटचा धडा. गावात कुणीही अनोळखी अळंबी घेऊन आलं, की म्हातारी माणसं ती हातात घेऊन, वास घेऊन बघत आणि सांगत. त्यात गुपित नव्हतं. चांदीचं नाणं टाकून उकळावं, काळं पडलं तर विषारी. किड्यानं खाल्लेली असेल तर चालते. असल्या परीक्षा लोक सांगतात, त्या साफ खोट्या आहेत. काही जीवघेण्या अळंब्या खाल्ल्यावर सहा ते बारा तास काहीच होत नाही. उलट्या सुरू होतात तोवर विषानं यकृताचं काम सुरू केलेलं असतं. म्हणून पुस्तकातल्या वर्णनावर किंवा चित्रावर भागत नाही, दाखवणारा माणूस लागतो. जे लपवलं तर दुसऱ्याचा जीव जाईल ते आमच्या माणसांनी कधी लपवलं नाही. जे सांगितलं तर संपून जाईल, तेवढंच लपवलं. नुसत्या आप्पलपोट्या माणसाला हा फरक कळला नसता.

संपून कसं जातं, तेही बघितलं पाहिजे. वारुळाला आमच्याकडे रोयण म्हणतात आणि रोयणीची अळंबी हीच आमची मानाची अळंबी. तिचं बीज कुणी पेरत नाही असं आपण म्हणतो, पण ते खरं नाही. वाळवी सुकलेली पानं, लाकूड खाऊन आणते आणि रोयणीच्या पोटात त्याचे स्पंजासारखे वाफे रचते. त्या वाफ्यांवर ती बुरशी वाढवते, आणि बुरशीनं मऊ केलेलं खाऊन सगळी वसाहत जगते. ही शेती सुमारे 3 कोटी वर्षं चालू आहे. माणसानं नांगर धरला त्याला बारा हजार वर्षंही झाली नसतील. पावसात त्या वाफ्यांतून जे कोंब वर येतात ती अळंबी. दांडा एवढा खोल का जातो, ते आता कळेल. खाली घर आहे म्हणून तर ती वर्षानुवर्षं त्याच जागी येते. टोपी उघडली की खालच्या पडद्यांतून बीजाणू उडतात, आणि पुष्कळ नव्या रोयणींना आपल्या वाफ्यांसाठी बीज मिळतं ते यातूनच.

म्हणजे ‘जो बघेल त्याची’ हा कायदाही जरा तपासून घ्यायला हवा. अळंबी कुणीतरी पिकवलेली असते, फक्त तो शेतकरी सातबाऱ्यावर नसतो. वरचे कोंब काढले तर त्याचं घर मोडत नाही. पण सगळ्याच कळ्या उघडायच्या आत ओरबाडल्या, किंवा हावरेपणानं रोयणच खणली, तर मोडतं. जुनी माणसं एका जागी चार-सहा छत्र्या उघडलेल्या तशाच सोडून येत. जागा एकट्याला ठाऊक असली तरच असं सोडता येतं. पाचजणांना ठाऊक असली, तर मी सोडलेली दुसरा नेणार, मग मी तरी का सोडू? गोव्याच्या हमरस्त्यावर अळंबी शेकड्यानं विकली जाते आणि शेकड्याला हजार रुपये सांगितले तरी गाडी थांबते. अशा वेळी मुकं राहणं हा आमच्या माणसांनी शोधलेला एक साधा उपाय होता.

इथपर्यंत मी रीतीच्या बाजूनं होतो. थोरल्या काकांच्या जागेनं मला त्यापुढे नेलं.

काका गावातले सगळ्यांत तरबेज. सड्याच्या उतारावर त्यांच्या तीन जागा होत्या, कुठल्या ते काकीलाही ठाऊक नव्हतं. जमीन दुसऱ्या घराण्याची, सामायिक, हिस्सेदार सगळे मुंबईला. एका चैत्रात व्यवहार झाला, आठवड्याभरात जेसीबी आला आणि उतार सपाट करून टाकला. रबर लावणार होते. रात्री जेवताना काका ताटाकडे बघत म्हणाले, ‘‘थंय माझी जागा होती.’’

काकी म्हणाली, ‘‘मगे आदी कित्याक सांगूक नाय?’’

‘‘सांगलं असतं तर जागा ऱ्हवली नसती.’’

काकांचं वाक्य चूक नव्हतं. चाळीस वर्षं ती जागा मुकेपणानंच राखली होती. पण मुकेपणा राखतो तो टोपली घेऊन येणाऱ्यापासून. यंत्र घेऊन येणाऱ्याला अळंबी नकोच असते. त्याच्यापुढे उभं राहून ‘इथे काहीतरी आहे’ असं म्हणायला माणसं लागतात, आणि गुपिताला साक्षीदार नसतो. गावाच्या लेखी तो उतार म्हणजे नुसती पडीक जमीन. गेलं काय ते फक्त एका म्हाताऱ्याला ठाऊक, आणि जाईपर्यंत त्यानं ते बोलायचं नाही, हीच रीत.

याच्या उलट गोष्ट आमच्याच देवळात आहे. आमच्या भागात सातेरी ही ग्रामदेवता, आणि कितीतरी गावांत सातेरीच्या गाभाऱ्यात रोयणच पुजली जाते. नागपंचमीला बायका वारूळ पुजतात, आणि अळंबीचे दिवसही त्याच सुमाराचे. देवराईतलं लाकूड कुणी आणत नाही. ती कुठे आहे हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. म्हणजे राखायच्या दोन तऱ्हा आमच्याकडे आधीपासून आहेत. एक मुकेपणाची, दुसरी सगळ्यांना सांगून सगळ्यांना बांधून घ्यायची. पहिली एका माणसाच्या आयुष्याएवढी टिकते. दुसरीला गाव लागतं.

मी परसात धिंगरी लावतो, तिथे हा पेच नाही. भाताचा पेंढा बोट-दोन बोट कापायचा, रात्रभर भिजवायचा, तासभर गरम पाण्यात ठेवून निथळायचा आणि भोकं पाडलेल्या पिशवीत थरावर थर देऊन बियाणं पेरायचं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबीचा प्रकल्प आहे, बियाणं तिथे मिळतं. पंधरा-वीस दिवसांत पेंढा पांढराफेक होतो, मग पिशवी फाडून रोज पाणी शिंपायचं. शेजारची वयनी बघायला आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, आता तिच्या मांगरातही चार पिशव्या टांगलेल्या आहेत. माझं त्यात काही कमी झालं नाही. वाटून वाढणाऱ्या गोष्टी असतात आणि वाटून संपणाऱ्या असतात. दोन्हींना एकच नीती लावली की घोटाळा होतो. रोयणीची अळंबी पिशवीत येत नाही. तिला वाळवीच लागते, रानच लागतं.

मग काय सांगावं आणि काय सांगू नये? मला वाटतं, रोयण सांगावी, अळंबी सांगू नये. रोयण कुठे आहे ते गावानं मोजावं, लिहावं, ती मोडायची नाही असं ठरवावं. त्यातली कुठली कोणत्या सकाळी फुलते, ते ज्याचं त्याच्याकडे राहू दे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीची समिती असते आणि गावाची नोंदवहीही करायची असते. आमच्याकडे तिचं काम निघालं तेव्हा झाडं, पाखरं, मासे सगळं भराभर लिहून झालं. अळंबीच्या पानावर सगळे एकमेकांकडे बघत बसले. मी म्हटलं, अळंबी राहू दे, रोयणी लिहू या.

दुसऱ्या दिवशी काका काठी घेऊन स्वतःहून आले. दोन दिवस फिरून त्यांनी वाडीतल्या झाडून सगळ्या रोयणी दाखवल्या, पडक्या, कोरड्या, मुंग्यांनी बळकावलेल्यासुद्धा. तिसऱ्या जागेपासची रोयणही त्यांत असणार. कुठली, ते मी विचारलं नाही.