क्षमा करायची, पण कुणाच्या वतीने?



आजचं वाचन गीतेच्या सोळाव्या अध्यायातलं, श्लोक ३. दैवी संपत्तीची यादी इथे संपते. तेजानंतर लगेच क्षमा, मग पुढे अद्रोह आणि नातिमानिता, म्हणजे स्वतःला फार मोठं न समजणं.

स्वतःपुरती क्षमा थोडीफार जमते. ऑफिसात कुणी बोललं, सोडून दिलं. पण काल फॅमिली ग्रुपवर ‘आपल्यावर झालेला अन्याय विसरू नका’ असा मेसेज आला आणि मी तिथेच अडकलो.

१९४८ साली गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण, म्हणून सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ याच दिवसांवर आहे. आमचाही वाडा जळाला. आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे. कुटुंब पुण्याला आलं ते कायमचंच.

मेसेज वाचला आणि समोर डबा खात बसलेल्या टीममधल्या मित्राचं आडनाव क्षणभर डोक्यात आलं. तो कराडकडचा. रोज त्याच्या डब्यातली भाकरी मी खातो. स्वतःचीच लाज वाटली.

विचार केला, माझं काय जळलं? काहीच नाही. जळलं ते आजोबांचं. मग त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मला नाही. पण त्यांच्या वतीने राग धरण्याचा तरी कुठे आहे?

वोल आणि ब्रॅन्सकोम्ब या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक अभ्यास मांडला. ज्यूंचा संहार ‘जर्मनांनी ज्यूंवर केलेला’ असा न मांडता ‘माणसांनी माणसांवर केलेला’ असा मांडला, तेव्हा ज्यू सहभागी आजच्या जर्मनांना क्षमा करायला जास्त तयार झाले. यात धोकाही आहे. ‘माणसं अशीच असतात’ म्हणून गुन्हाच पुसून टाकता येतो. ते नको.

आजोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा आग सांगायचेच. पण ज्या मराठा आजींनी त्यांना दोन रात्री गोठ्यात लपवलं, त्यांच्याबद्दल जास्त वेळ बोलायचे. शेवटच्या वर्षांत एकदा म्हणाले, “आपल्या आडावर कुणाकुणाला पाणी भरू दिलं नाही, तेही लक्षात ठेव रे.” त्याने आग योग्य ठरत नाही, हेही तेच म्हणाले. पण मेसेजमध्ये फक्त आग असते. गोठा नसतो, आड तर नसतोच. आपल्या समाजाचं दुःख तेवढंच जपत बसलो की त्याचाही अभिमान चढतो. नातिमानिता तिथे आठवावी.

आजोबांच्या वाट्याची क्षमा त्यांचीच. माझ्या हातात आहे तो अद्रोह : ज्याने काही केलं नाही त्याच्याकडून वसुली न करणं.

आजचा अभ्यास : असा मेसेज आला तर पुढे पाठवायच्या आधी घरातल्या मोठ्यांना पूर्ण गोष्ट विचारा. मी उद्या डब्याच्या वेळी मित्राला आमची सांगणार आहे, आडासकट.

राम कृष्ण हरी.