रुपया घसरला, आणि याद्यांमधलं सोनं?

रुपया घसरल्याची बातमी आली की सातारा-सांगलीच्या पारावर रिझर्व्ह बँकेचा उद्धार होतो. त्याच पारावरचे लोक संध्याकाळी लग्नाच्या याद्या करायला बसतात आणि दहा तोळ्यांच्या खाली उतरत नाहीत. या दोन गोष्टींचं नातं कुणी सांगितलं तर मात्र राग येतो.

२०१३ साल आठवा. त्याआधीच्या आर्थिक वर्षात देशाने सुमारे ५४ अब्ज डॉलरचं सोनं आयात केलं होतं. त्या भारानेही चालू खात्यातली तूट, म्हणजे देशात येणाऱ्यापेक्षा बाहेर जाणारे जादा डॉलर, जीडीपीच्या ४.८ टक्क्यांवर गेली होती. अशात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी आवरण्याची भाषा केली, परकीय पैसा पळाला आणि २८ ऑगस्टला डॉलर ६८ रुपयांपलीकडे गेला. रिझर्व्ह बँकेने डॉलर विकले. ते विकले की तेवढे रुपये बाजारातून तिच्याकडे परत जातात, पैशाची चणचण होते, व्याज चढतं. जुलैमध्येच तिने बँकांच्या तातडीच्या कर्जाचा दर १०.२५ टक्क्यांवर नेला होता. सोनं घेतलं लग्नघरांनी आणि महाग कर्जाची झळ बसली कुपवाडच्या लहान कारखानदाराला! सोन्यावरचं आयातशुल्क १० टक्के झालं, तशी चोरटी आयात फोफावली.

रुपया अमुक भावाला बांधून ठेवणं हे रिझर्व्ह बँकेचं कामच नाही. उतार-चढाव बेफाम होऊ नयेत, एवढं ती पाहते. रुपया वधारला तर उलट डॉलर विकत घेते, गंगाजळी वाढवते. २००७ साली डॉलर ४० रुपयांच्या खाली आला तेव्हा रडले ते निर्यातदार. (तासगावच्या द्राक्षनिर्यातदाराला घसरता रुपया गोडच लागतो, पण बागेवर फवारायच्या आयात औषधांचं बिल आलं की चेहरा बदलतो.) बँक फार तर वेळ मिळवून देते. त्या वेळात खरेदीची सवय सुधारायची ती आपण.

पण म्हणून बायकांच्या दागिन्यांवर व्याख्यान झोडणं मला मंजूर नाही. जिचं नाव सातबारावर नाही, जिने पतसंस्था बुडताना पाहिली, तिने गळ्यातल्या सोन्यावर भरवसा ठेवला तर तो शहाणपणाच आहे. शिवाय रुपया पडला की सोनं चढतं, म्हणजे भरवसा खराही ठरतो. दोष आहे तो तिला दुसरा आधार न देणाऱ्या घराचा, आणि मानपानासाठी तोळे मोजणाऱ्या पुरुषांचा. याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्यांचं नाव घेऊन भाषणं ठोकणारे आपण स्वतःच्या मुलीच्या याद्यांमध्ये काय लिहितो?

आणि सोनं हवंच असेल तर विटा, खानापूर, आटपाडीकडे पाहा. इथले गलाई व्यावसायिक देशभर जुनं सोनं गाळून शुद्ध करतात. हा हुन्नर आपल्याच मातीतला. आजीच्या पाटल्या मोडीत घालून नातीचा दागिना घडवला तर त्यासाठी नव्याने डॉलर मोजावे लागत नाहीत.

यंदा याद्या होतील तेव्हा वरपक्षाने उठून सांगावं: नवं सोनं नको, जुनंच मोडून घडवा. आणि नव्या सुनेचं नाव सातबारावर लावून द्यायची तयारी त्याच बैठकीत बोलून दाखवावी.