नकाशाच्या कोपऱ्यातले नाव

वास्तुविशारदाच्या कचेरीतून बाहेर पडणाऱ्या नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. प्रकल्पाचे नाव, प्रमाण, तारीख, कोणी काढले, कोणी तपासले. खाली सही. नकाशावर चार-पाच जणांचे हात फिरलेले असले तरी इमारत पुढे ओळखली जाते ती सही करणाऱ्याच्या नावाने. भारतातल्या स्त्री वास्तुविशारदांची गोष्ट या चौकटीपासूनच सांगायला हवी.

१९३६ साली मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पेरीन मिस्त्री वास्तुकलेची पदविका घेऊन बाहेर पडल्या. हे शिक्षण पूर्ण करणाऱ्या देशातल्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. वडील वास्तुविशारद, 'डिचबर्न, मिस्त्री अँड भेडवार' ही घरचीच फर्म. त्यामुळे व्यवसायाचे दार त्यांच्यासाठी उघडे होते. कंबाला हिलवरचे सेंट स्टीफन्स चर्च हे त्यांचे काम. पुढच्याच दशकात सिलोनहून आलेली मिनेट डी सिल्वा मुंबईत हे शास्त्र शिकली, स्वातंत्र्य चळवळीतल्या सहभागामुळे जे. जे. मधून काढली गेली, आणि १९४८ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारद संस्थेची सहसदस्य होणारी पहिली आशियाई स्त्री ठरली.

त्या काळी प्रश्न एवढाच होता : बाईला हे जमेल का? या दोघींनी तो निकालात काढला. तरीही 'पहिली' या बिरुदाने एक घोळ करून ठेवला. पहिलीचा सत्कार झाला की तिला अपवाद ठरवून समाज मोकळा होतो आणि दुसरी, तिसरी, दहावी कुठे गेली हे कोणी विचारत नाही.

नव्या मुंबईचेच पाहा. खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे, हा प्रस्ताव तिघांनी मांडला : चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. १९६५ मध्ये तो 'मार्ग' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. श्रेय कोणी हिरावून घेतले नाही. तिघांची नावे छापील आहेत. पण आज वाशी-बेलापूरच्या रहिवाशाला विचारले, तर माहीत असलेच तर कोरियांचे नाव माहीत असते. जे. जे. आणि पुढे शिकागो इथे शिकलेल्या प्रवीणाबाई विस्मरणात गेल्या.

अमेरिकेतही हेच चालले होते. नवरा रॉबर्ट व्हेंचुरी यांच्या बरोबरीने काम करणाऱ्या वास्तुविशारद डेनिस स्कॉट ब्राउन यांनी या व्यवसायातल्या 'तारांकित पुरुषा'च्या रूढीवर १९७५ मध्ये लेख लिहिला, पण तो छापायला १९८९ उजाडले. १९९१ चे वास्तुकलेचे प्रित्झकर पारितोषिक एकट्या व्हेंचुरींना मिळाले. २०१३ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थिनींनी ही चूक दुरुस्त करण्यासाठी मोहीम उघडली, तरी निर्णय बदलला नाही. प्रश्न आता 'जमेल का' हा उरला नव्हता. जमले, ते कोणाच्या नावावर लिहिले, हा प्रश्न होता.

या प्रश्नाला मुंबईत एक वेगळे उत्तर मिळाले, ते बृंदा सोमय्या यांच्याकडून. जे. जे. मधून पदवी आणि अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात पुढचे शिक्षण घेऊन त्यांनी १९७८ मध्ये स्वतःची फर्म सुरू केली. बहीण रंजिनी कलप्पा सोबतीला होत्या. कामाचा पसारा मोठा : कंपन्यांची संकुले, शाळा, कुलाब्यातली बाग, २००१ च्या भूकंपानंतर गावकऱ्यांना सोबत घेऊन पुन्हा उभे केलेले कच्छमधले भदली गाव. फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलच्या जीर्णोद्धाराला २००४ मध्ये, तर लुई कान यांनी उभारलेल्या अहमदाबादच्या आयआयएममधल्या ग्रंथालयाच्या कामाला २०१९ मध्ये युनेस्कोचा गौरव लाभला.

जीर्णोद्धाराच्या कामाचा एक नियम आहे. जुन्या भिंतीला हात लावण्याआधी तिची नोंद करायची. मोजमापे घ्यायची, छायाचित्रे काढायची, कुठे तडा आहे, कुठे ओल आहे ते कागदावर उतरवायचे. ही शिस्त सोमय्यांनी माणसांनाही लावली, असे त्यांच्या पुढच्या कामाकडे पाहून वाटते. फेब्रुवारी २००० मध्ये त्यांच्या हेकार फाउंडेशनने मुंबईत दक्षिण आशियातल्या स्त्री वास्तुविशारदांच्या कामावर परिषद भरवली, सोबत प्रदर्शनही. भर होता तो प्रत्यक्ष कामावर : इमारती, नकाशे, छायाचित्रे. उर्वशी मेहता यांच्यासह त्यांनी परिषदेचा ग्रंथही संपादित केला.

भाषणे हवेत विरतात, ग्रंथ कपाटात राहतो. पुढच्या काळात मेरी वुड्स आणि माधवी देसाई यांनी भारतीय स्त्री वास्तुविशारदांवर स्वतंत्र पुस्तके लिहिली. पेरीन मिस्त्रींपासूनची मधली गाळलेली नावे हळूहळू आपापल्या जागी येऊ लागली. प्रतिनिधित्वाची मागणी पुराव्याच्या पायावर उभी राहिली, ही या वाटचालीतली खरी पुढची पायरी.

काम संपलेले नाही. आज आपल्याकडच्या वास्तुकला महाविद्यालयांत मुली निम्म्या, कुठे कुठे त्याहून अधिक असतात; स्वतःच्या नावाची फर्म चालवणाऱ्या त्या प्रमाणात दिसत नाहीत. मुलांचे संगोपन, साइटवरच्या अडचणी, रात्री उशिरापर्यंत चालणारे सबमिशन या चाळणीतून अनेकजणी गळतात, आणि ज्या टिकतात त्यांची कामेही पुष्कळदा भागीदाराच्या नावामागे जातात.

महाराष्ट्रातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना जुना वाडा, देऊळ किंवा घाट मोजून त्याचे नकाशे काढायला सांगतात. महाविद्यालयांनी त्याच यादीत आपल्या शहरातल्या एखाद्या ज्येष्ठ स्त्री वास्तुविशारदाची एक इमारत घालावी. विद्यार्थ्यांनी त्या वास्तुविशारदाला भेटावे, नकाशे मागून घ्यावेत, कोणी काय काढले ते तिच्याच तोंडून लिहून घ्यावे. स्टीलच्या कपाटातले ट्रेसिंग पेपर पिवळे पडून तुटू लागले आहेत; हे येत्या सत्रातच सुरू व्हावे.