उतारावरचे गुण

जन्मभर लोकांचे हिशेब तपासून निवृत्त झालेल्या माणसाला कॉलनीत दोनच कामे मिळतात. एक म्हणजे गणपतीच्या वर्गणीचा जमाखर्च आणि दुसरे म्हणजे कुणाच्या तरी लग्नात आहेराची पाकिटे सांभाळत कोपऱ्यात बसणे. त्यातही 'कृपया आहेर आणू नये' असे पत्रिकेत छापायची पद्धत पडल्यापासून निम्मे काम बुडालेच आहे. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत कॉलनीतली पाच पोरे दारात उभी राहून "आजोबा, आमचे गुण तुम्ही मांडाल का?" असे म्हणाली तेव्हा मी आधी चष्मा शोधला आणि मग "कसले गुण?" असे विचारले. माझ्या आयुष्यात हा क्रम नेहमी असाच राहिलेला आहे.

शर्यत होती बेअरिंगच्या गाड्यांची. ज्यांचे बालपण लिफ्टमध्ये गेले त्यांच्यासाठी सांगतो. एक फळी घ्यायची. तिच्या खाली पुढे एक आणि मागे एक अशी दोन आडवी लाकडे ठोकायची. लाकडांची टोके तासून त्यांवर गॅरेजवाल्याने टाकून दिलेली बॉलबेअरिंगे बसवायची. मागचे लाकूड खिळ्यांनी पक्के. पुढचे एकाच बोल्टावर फिरते, आणि त्याच्या दोन्ही टोकांना सुतळी. ही सुतळी म्हणजे स्टिअरिंग, ब्रेक म्हणजे चपलेची टाच, हॉर्न म्हणजे स्वतःचा गळा. इंजिन पृथ्वीमाता पुरवते. अमेरिकेत १९५६ साली आर्ट इंगल्स नावाच्या गृहस्थांनी गवत कापायच्या यंत्राचे इंजिन नळ्यांच्या सांगाड्यावर चढवून पहिली गो-कार्ट केली. आमच्या लहानपणी आमच्याकडे गवतही नव्हते आणि ते कापायचे यंत्रही नव्हते. उतार मात्र होता. आजही आहे, आमची कॉलनी तळजाईच्या टेकडीखाली आहे आणि बांधणाऱ्याने रस्ता सपाट करायचे पैसे वाचवलेले आहेत.

पाच गाड्या, पाच संध्याकाळी, रोज एक शर्यत. माझा नातू मुंबईहून आला होता. त्याची गाडी मीच करून दिली होती. (ही गोष्ट परीक्षक होण्याआड यायला हवी होती असे आता वाटते. तेव्हा कुणालाच वाटले नाही, मला तर नाहीच नाही.) डॉक्टरांच्या मुलाची गाडी सुताराकडून करून आणलेली, तिला चक्क व्हार्निश होते. फाटकाशी इस्त्रीची टपरी आहे, त्यांच्या मुलीची गाडी जुन्या इस्त्रीच्या टेबलाच्या फळीची. बसायच्या जागी इस्त्रीचा काळा त्रिकोणी डाग अजून स्वच्छ दिसत होता. उरलेले दोघे जुळे भाऊ. त्यांनी पाचही दिवस फक्त एकमेकांशी शर्यत लावली, म्हणून त्यांचा उल्लेख पुन्हा येणार नाही.

मला वाटले होते, काम सोपे आहे. पहिल्याला पाच, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला तीन. पण मी तक्ता सूचनाफलकावर लावला मात्र, संध्याकाळी कट्ट्यावर सभा भरली.

डॉक्टर म्हणाले, "पहिल्या आणि दुसऱ्यात एकाच गुणाचा फरक? म्हणजे जिंकणाऱ्याने जिंकायचं कशाला? ऑलिंपिकच्या तक्त्यात आधी सुवर्ण मोजतात. तुम्हीही तेच करा. ज्याच्या शर्यती जास्त, तो पहिला."

निवृत्त मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "मग ज्या मुलाने कधीच धडपड न करता पाचही दिवस गाडी खाली नीट आणली, त्याचं काय? त्याला काहीच नाही?"

"बाई, ही शर्यत आहे, हजेरीपट नव्हे."

आता पाहा, दिसायला हा गाडीचा प्रश्न आहे, पण आहे तो आयुष्याचा. कधीमधी आकाशाला हात लावणारा आणि एरवी खड्ड्यात पडणारा माणूस मोठा, की रोज दुसरा येणारा? आमच्या कचेरीत दोन्ही प्रकार होते. बढती तिसऱ्याच प्रकाराला मिळाली, तो भाग वेगळा.

असल्या प्रश्नांवर मोठ्या लोकांनी काय केले आहे ते पाहावे म्हणून मी नातवाला घेऊन मोटारींच्या जागतिक शर्यतींचे जुने तक्ते काढले. आणि काय सांगू, तिथे आमच्या कट्ट्याहून जास्त गोंधळ! १९८४ साली अ‍ॅलन प्रोस्टने सात शर्यती जिंकल्या, निकी लाउडाने पाच. विजेता लाउडा, बहात्तर विरुद्ध साडेएकाहत्तर. अर्ध्या गुणाने! तो अर्धा कुठून आला? मोनॅकोची शर्यत पावसामुळे मध्येच थांबवली, म्हणून सगळ्यांना निम्मे गुण. प्रोस्ट तिथे पहिला होता; नवाऐवजी साडेचार मिळाले. शर्यत पूर्ण होऊन तो चक्क दुसरा आला असता तर सहा मिळाले असते आणि वर्षाचा विजेता तोच झाला असता. म्हणजे जिंकला म्हणून हरला. १९८८ साली तर याच प्रोस्टचे एकूण गुण एकशे पाच आणि आयर्टन सेनाचे चौऱ्याण्णव. पण नियम असा की सोळा शर्यतींपैकी फक्त चांगल्या अकरा धरायच्या. ते धरल्यावर सेना नव्वद, प्रोस्ट सत्याऐंशी. बेरीज जास्त असून माणूस दुसरा. हे आमच्या ऑडिटात आले असते तर मी तीन पाने शेरा लिहिला असता.

पण मला घट्ट धरून ठेवले ते १९५८ सालाने. तेव्हा पहिल्या पाचांना ८, ६, ४, ३, २ असे गुण आणि सर्वांत जलद फेरीला एक. स्टर्लिंग मॉसने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या, माइक हॉथॉर्नने एक. पोर्तुगालच्या शर्यतीत हॉथॉर्न दुसरा आला, पण शेवटी शेवटी त्याची गाडी बंद पडली होती आणि ती सुरू करताना तो उलट दिशेने गेला, म्हणून त्याला बाद करायचे घाटत होते. मॉस पंचांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, मी पाहिले आहे, तो रस्त्यावर नव्हता, कडेच्या पदपथावर होता. हॉथॉर्नचे गुण राहिले. वर्षाच्या शेवटी हॉथॉर्न बेचाळीस, मॉस एक्केचाळीस. मॉस पुढेही कधी जगज्जेता झाला नाही.

मी हे सांगितले तेव्हा नातू म्हणाला, "पण त्याला कुणी विचारलं होतं का?"

"नाही. तो आपण होऊन गेला."

"मग कशाला गेला?"

याचे उत्तर वयाच्या सत्तराव्या वर्षी माझ्याकडे तयार असायला हवे होते. मी म्हणालो, "चल, जेवायला वाढलंय."

तर मी तोच ८-६-४-३-२ चा तक्ता घेतला. गाड्याही पाच होत्या, म्हणजे नीट खाली पोचणाऱ्याला दोन तरी मिळत होते, त्यामुळे बाई खूश. पहिल्या-दुसऱ्यात दोनाचा फरक, त्यामुळे डॉक्टर निम्मे खूश. गाडी खालपर्यंत आलीच नाही तर भोपळा.

पाच दिवस मी उताराच्या तळाशी खुर्ची टाकून बसलो. गाड्या खर्रर्र करत अंगावर आल्या की आधी कच्च्या वहीत पेन्सिलीने क्रम टिपायचा आणि घरी येऊन पक्क्या वहीत शाईने उतरवायचा. चाळीस वर्षांची सवय. डॉक्टरांचा मुलगा सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सुसाट पहिला आला; मंगळवारी आणि गुरुवारी वळणावर थेट चाफ्याच्या आळ्यात गेला. तीन शर्यती जिंकून त्याचे चोवीस. इस्त्रीवाल्यांच्या मुलीने मंगळवार जिंकला, नातवाने गुरुवार. शेवटी नातू तीस, मुलगी अठ्ठावीस. शनिवारी कप दिला. कपावर नाव घालायला चिकटपट्टी मीच आणली होती. डॉक्टर कुरकुरले, "तीन वेळा जिंकून तिसरा," पण कायदा कायदा असतो. मुलीने टाळ्या वाजवल्या. मला वाटले, काय गुणी पोर आहे.

रात्री सहज म्हणून (सहज नव्हे, पुन्हा एकदा नातवाचे तीस बघावेत म्हणून) दोन्ही वह्या घेऊन बसलो. बुधवार. कच्च्या वहीत डॉक्टरांचा पहिला, इस्त्रीवाल्यांची दुसरी, नातू तिसरा. पक्क्या वहीत डॉक्टरांचा पहिला, नातू दुसरा, इस्त्रीवाल्यांची तिसरी.

मी पुन्हा बेरीज केली. मुलगी तीस, नातू अठ्ठावीस.

आता तुम्ही म्हणाल, चूक झाली, माणूस आहे. मीही तेच म्हणालो. पण म्हणताना मला माझाच आवाज ओळखीचा वाटला. हे वाक्य मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने आयुष्यभर ऐकलेले आहे. "साहेब, उतरवताना चुकलं, माणूस आहे." आणि दर वेळी मी मनात म्हणत असे की बाबा रे, तुझ्या चुका सगळ्या तुझ्याच खिशाच्या दिशेने कशा रे होतात? एखादी तरी चूक सरकारच्या फायद्याची दाखव, की सोडतो तुला. चाळीस वर्षांत एकाही कारकुनाला तशी दाखवता आली नाही. आता मी पक्की वही पहिल्या पानापासून तपासली. पाच दिवसांत एकच चूक, आणि ती नातवाच्या बाजूची.

मी मुद्दाम केले नाही, हे शपथेवर सांगेन. पण त्या बुधवारी वही भरताना मी त्याच्याच गाडीचा विचार करत होतो, पुढचे डावे बेअरिंग जरा घासतेय, रॉकेल लावायला पाहिजे असा; हेही मला आठवत होते. मुद्दाम आणि नकळत यांच्या मध्ये एक पदपथ असतो. मी नेमका कुठे होतो ते पाहणारा मॉस तिथे नव्हता.

सौ. पाणी प्यायला उठली. मी सगळा प्रकार सांगितला. नैतिक जबाबदारी, हेतू आणि परिणाम, मुलाच्या मनावर होणारा आघात, जाहीर निकाल बदलल्याने पंचाच्या पदाला येणारी बाधा, असे चार मुद्दे मांडले.

ती म्हणाली, "कप तिला द्या आणि झोपा."

बायकांना तत्त्वज्ञान कळत नाही असे पूर्वी म्हणत. मला वाटते, त्यांना ते एवढे लवकर कळते की चर्चेला काही उरत नाही.

सकाळी नातू दूध पीत होता. मी घसा साफ करून म्हणालो, "हे बघ, बुधवारी एक घोटाळा झालाय."

"माहितेय," तो म्हणाला.

"काय माहितेय?"

"ती दुसरी आली होती. पंपाच्या खोलीच्या भिंतीवर आहे ना आमचं. खडूनं."

म्हणजे पोरांचा स्वतःचा तक्ता होता! सगळ्यांना ठाऊक होते. फक्त पंचांना नव्हते.

"मग बोलला का नाहीस?"

तो पेल्यात बघत म्हणाला, "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

हे दहा वर्षांच्या पोराचे वाक्य ऐकून माझे डोळे भरून यायला हवे होते. आलेही असते, पण कप त्याच्या उशापाशी होता आणि तो त्याने रात्री दोनदा पुसला होता, हे मी पाहिले होते. त्याला माझी काळजी वाटली असेल, हे खरे. कपही हवा असेल, हेही खरे. यातले किती टक्के कुठे ते मी ठरवू शकलो नाही. माझ्याच बुधवारचे मला ठरवता आले नव्हते, तिथे त्याचे मी काय ठरवणार? एवढे मात्र सांगतो की मी काही बोलायच्या आत तो उठला, कप घेऊन आला आणि चपला घालून दारात उभा राहिला. त्याचा चेहरा काही हुतात्म्याचा वगैरे नव्हता. दात काढायला निघालेल्या माणसाचा होता.

टपरीवर ती मुलगी कपड्यांच्या घड्यांवर चिठ्ठ्या लावत होती. मी दोन्ही वह्या उघडून समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला माहिती होतं."

"मग तू तरी सांगायचंस की नाही?"

"तुम्ही शाईनं लिहिलं होतं ना."

यावर मला काहीही सुचले नाही. एरवी शेरा लिहायला मला एक मिनिटही लागत नाही.

तिने कप घेतला, फिरवून पाहिला, नातवाच्या नावाची चिकटपट्टी नखाने खरवडायला लागली आणि खरवडता खरवडता म्हणाली, "आणि गुरुवारी पण मीच पहिली असते. ह्यानं वळणावर मला दाबलं."

"मी दाबलं? तूच मध्ये आलीस!"

"मी माझ्या रेघेत होते!"

"चल दाखव!"

"चल!"

कप माझ्या हातात देऊन दोघे गाड्या ओढत उताराकडे पळाली. मी टपरीच्या फळीवर पक्की वही ठेवली, बुधवारच्या ओळीवर लाल शाईने रेघ मारली, वर बरोबर क्रम लिहिला आणि बाजूला आद्याक्षरे घातली. अशा दुरुस्तीवर मी नेहमी साक्षीदाराची सही घेत आलो आहे. मी वही इस्त्रीवाल्यांपुढे सरकवली. त्यांनी इस्त्री उभी केली, हात पँटला पुसले, दोन्ही पाने नीट वाचली, अगदी बेरजेसकट, आणि मग सही केली. सही करून म्हणाले, "कच्ची वही पण ठेवा हं साहेब. फेकू नका."

उतारावरून खर्रर्र आवाज आला, मग काहीतरी जोरात आपटल्याचा, आणि मागोमाग दोघांचेही "मी पहिला!" "मी पहिली!" मी खिशात पेन्सिल चाचपली. ती घरीच राहिली होती.