पंखा कुणाकडे वळवायचा?

मोडेम का तापतो, याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. आत एक चिप असते, ती रात्रंदिवस राबते आणि तिने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. घरगुती मोडेम खातो तरी किती? साधारण दहा वॅटच्या आसपास. पण डबा प्लास्टिकचा, आत पंखा नाही. ती उष्णता बाजूच्या फटींतून आपली आपण बाहेर पडायची. बऱ्याच मोडेमच्या माहितीपत्रकात शून्य ते चाळीस अंश असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. हा डबा बनवणाऱ्याने एप्रिलमधलं माणगाव डोळ्यांसमोर ठेवलं असेल असं वाटत नाही.

आमच्याकडे जुनी कौलं जाऊन स्लॅब आला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कौलांच्या फटींतून घर श्वास घ्यायचं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकरापर्यंत ते खोलीत सोडत राहतो. मोडेम भिंतीवर उंच, पश्चिमेच्या बाजूला, खाली सेटटॉप बॉक्स, वर आईने विणलेला रुमाल. दुपारी दोनच्या सुमारास लाल दिवा लागतो. मी घरून काम करते, माझा पगार त्या डब्यातून येतो. त्यात दुपारी लाईट गेली की इन्व्हर्टरवर मोडेम, एक ट्यूब आणि एक टेबलफॅन एवढंच चालतं. फॅन एक, तापलेले दोघे. एक मोडेम आणि दुसरी पडवीत चटईवर बसलेली आजी.

फॅन मोडेमकडे वळला. कुणी भांडलं नाही, कारण आजीनेच सांगितलं, "त्या डब्याला लाव गो बाय. मला काय, सवय हाय."

माझा निबंध खरं तर या "सवय हाय"बद्दल आहे.

मोडेमला तक्रार करता येते. दिवा लाल होतो, व्हिडिओ अडकतो, मीटिंगमधला माणूस "तुमचा आवाज तुटतोय" म्हणतो. सगळं घर धावतं. आजीला लाल दिवा नाही. आपण घरात आणि गावातही साधारणपणे त्यालाच वारा देतो जो बंद पडू शकतो. जो बंद न पडता सोसतो, त्याच्या वाट्याला उरलेलं.

यावर एक सरळ युक्तिवाद आहे आणि तो फालतू नाही. आजी जाणती बाई आहे. ती सांगते की तिला चालतं, तर "तुला कळत नाही, तुला त्रास होतोय" असं म्हणणारी मी कोण? म्हाताऱ्या माणसांच्या वतीने ठरवण्याची हौस आपल्या घरांत तशीही कमी नसते. शिवाय माझा पगार थांबला तर तिच्या बीपीच्या गोळ्याही थांबतील. विरारच्या आत्याशी तिचं रोजचं व्हिडिओ कॉलवरचं बोलणं याच डब्यातून जातं. फॅन मोडेमवर म्हणजे आजीवर अन्याय, इतकं हे सोपं नाही.

तरीही "सवय आहे" हा पुरावा धरायला मन तयार होत नाही. अमर्त्य सेन यांनी आपल्या लेखनात एका पाहणीचा दाखला दिला आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूरमध्ये विधुरांना आणि विधवांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं गेलं. जवळजवळ निम्म्या विधुरांनी, ४८.५ टक्के, तब्येत वाईट किंवा जेमतेम असल्याचं सांगितलं. विधवांमध्ये हे प्रमाण होतं २.५ टक्के. त्या काळातल्या बंगाली विधवेचं खाणंपिणं आणि जगणं ज्याला माहीत आहे, तो या आकड्यावरून विधवा ठणठणीत होत्या असं म्हणणार नाही. त्यांना तक्रार या गोष्टीचीच सवय नव्हती. सेन यांचा मुद्दा असा की माणूस आपल्या इच्छा मिळेल तेवढ्यापुरत्या कापून घेतो. म्हणून "मी समाधानी आहे" या वाक्यावरून त्याची अवस्था मोजता येत नाही.

उष्णतेच्या बाबतीत तर शरीरही साथ देत नाही. उन्हाची सवय खरोखर होते, आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर घाम लवकर सोडायला शिकतं. पण वय वाढलं की तहान कमी लागते, घाम कमी येतो. म्हणजे आतून धोक्याची सूचना देणारी यंत्रणाच मंदावते. आजी खोटं बोलत नसते. तिचा दिवा मिणमिणता झालेला असतो. त्यात आपली कोकणातली हवा दमट, घाम येतो पण वाळत नाही. वारा लागला तर थोडा वाळतो. माणसाला पंखा लागतो तो यासाठी.

उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते. शाळेत हे पदार्थविज्ञान म्हणून शिकलो, पण मला ते समाजशास्त्रही वाटतं. आमच्या तालुक्यातलं भिरा बघा. २८ मार्च २०१७ ला तिथे ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं आणि दोन दिवस सगळ्या बातम्यांत भिरा होतं. इतका आकडा खरा की तापमापकाच्या जागेचा दोष, अशी शंकाही तेव्हा घेतली गेली. तापमापक सावलीत, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, वारा खेळेल अशा जागी ठेवायचा असतो. यंत्राला सावली आणि वारा मिळाला नाही तर त्याचं म्हणणं ग्राह्य धरत नाहीत, हे मला त्या बातम्यांतून कळलं. त्याच उन्हात शेतावर असलेल्यांसाठी असा काही नियम नाही.

भिऱ्याची दुसरी ओळख विजेची. मुळशीच्या धरणाचं पाणी सह्याद्री उतरून तिथल्या वीजघरात येतं, १९२७ पासून. ती वीज मुंबईसाठी. त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट त्यातूनच सेनापती झाले. सत्याग्रह हरला, जमिनी पाण्याखाली गेल्या. वीज गरजेची होती यात शंका नाही. पण कुणाच्या दिव्यासाठी कुणाचं घर जाणार, हे ज्यांचं घर जाणार होतं त्यांनी ठरवलं नाही. आता पनवेलला डेटा सेंटरं उभी आहेत. आपण ज्याला क्लाऊड म्हणतो ते आपल्याच जिल्ह्यातल्या अशा खोल्यांत असतं आणि त्या खोल्या गार ठेवायला यंत्रं अखंड चालतात. आत गार म्हणजे बाहेर गरम. माझा मोडेम त्या साखळीचं शेवटचं टोक.

घरातल्या टोकावर काय केलं ते सांगते, कारण वाचून कुणीतरी आजच करू शकेल. रुमाल काढला. मोडेम सेटटॉप बॉक्सवरून उतरवून मधल्या खोलीत, उन्हाची भिंत सोडून, लाकडी स्टुलावर उभा ठेवला, चारी बाजूंना वीतभर जागा. अडॅप्टर मल्टीप्लगच्या गर्दीतून काढून वेगळ्या सॉकेटला लावला. वायर लांब घ्यावी लागली, एवढाच खर्च. लाल दिवा जवळपास बंदच झाला. फॅन मोकळा झाला आणि पडवीत गेला.

पण तंत्राने पेच सोडवला म्हणून प्रश्न सुटला असं मी मानत नाही. उद्या दोघांपैकी एकालाच वारा मिळणार असेल तर? मला वाटतं, तेव्हा न विचारताच आजीकडे वळवावा. "लावू का?" असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं आहे, कारण त्या प्रश्नात नकाराची जागा आपणच करून ठेवतो. तिला नको असेल तर ती बंद करेल, बटण तिच्या हाताशी आहे. निवड काढून घ्यायची नाही, फक्त सुरुवात कुठून करायची ते बदलायचं. पगाराचं काय, तर तासभर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर निभतं. आजीला हॉटस्पॉट नाही.

शेजारच्या घरी पुढच्या आठवड्यात एसी बसतोय. बाहेरचं युनिट बोळाच्या बाजूला येणार, बरोबर त्या खिडकीसमोर जिथे शिंपीकाका दिवसभर मशीनवर असतात. गरम हवा थेट त्यांच्या अंगावर येईल. काकांना विचारलं होतं म्हणे. ते म्हणाले, "लावा की, मला काय, संध्याकाळी मी घरीच जातो." भोक कुठे पाडायचं याची खूण खडूने करून ठेवली आहे, अजून पाडलेलं नाही.