दुष्काळातलं माप

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आमच्या माणदेशात विहिरी आटल्या, बैल कवडीमोलानं बाजारात गेले आणि सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला बसलं. बागायतदार अन् भूमिहीन एका ओळीत. दुपारी सुकडी मिळायची, रात्री घरी मिलोची लालभडक भाकरी. मजुरी मापावर. जेवढी खडी, तेवढे पैसे.

वडील म्हणायचे, "सरकारनं दिलं म्हणू नका. आपण घाम दिला, त्येंनी दाम दिला." पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, तोही याच विचाराचा. माणसानं काम मागावं, भीक मागू नये. मला हे आजही पटतं.

पण आमच्या शेजारी एक म्हातारी बसायची. तिला हातोडा उचलवत नव्हता. दिवसभरात ढीग कसाबसा टोपलीभर. माप घ्यायच्या आधी वडील आपल्या ढिगातल्या दोन पाट्या तिच्याकडं सरकवायचे. मी एकदा चिडलो, "आपलीच मजुरी कमी हुती की!" ते म्हणाले, "मापाला हात दिसत्यात, पोट दिसत न्हाई."

घाम गाळल्याशिवाय खाऊ नये, हे खरं. पण ज्याच्या अंगात घामच उरला नाही, त्यानं काय करावं? याचं उत्तर वडलांच्या बोलण्यात नव्हतं, त्या दोन पाट्यांत होतं.

२०१३ ला मी चार जनावरं घेऊन चारा छावणीत राहिलो. एक गाय दगावली. मी चार दिवस कुणाला सांगितलं नाही. तिच्या नावचा चारा बाकीच्या तिघांना घातला. सरकारचंच तर आहे, कुणाचं काय गेलं, असं मनाला समजावलं. त्याच दिवसांत लांबच्या गावचा एक जण खोंड घेऊन आला होता. छावणी भरली म्हणून माघारी गेला. माझ्या दावणीला जागा मोकळी होती, कागदावर मात्र भरलेली. पाचव्या दिवशी मी गाईचं नाव कमी करायला लावलं. तो पुन्हा आला नाही.

वडलांनी मापात खोटं केलं, मीही केलं. त्यांच्या खोट्यात त्यांची स्वतःची मजुरी गेली. माझ्या खोट्यात दुसऱ्याचं खोंड दाराबाहेर राहिलं.

आता उन्हाळ्यात गावात टँकर येतो. घागर लावायच्या आधी मी मागं वळून रांग बघतो.